एडीएचडीचा नवा उपचार: सुरू करण्याआधी काय विचाराल?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा. निदान झाले की पालकांना चहूबाजूंनी उपाय सुचवले जातात: खास आहार, मेंदूचे प्रशिक्षण, मोबाइलवरचे खेळ. चुकीच्या उपायात पैसे जातात आणि मुलाचे शाळेतले एखादे वर्षही. म्हणून उपचाराची चाचणी कशी झाली, हे आधी समजून घ्या.

तुलना कोणाशी केली?
वय वाढते, शिक्षक बदलतात, तशी लक्षणे आपोआपही कमी-जास्त होतात. त्यामुळे चाचणीत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मुलांचे गट पाडतात. अमेरिकेतील 'एमटीए' या अभ्यासात (१९९९) ५७९ मुलांवर १४ महिने असे उपचार झाले. नेमकेपणाने दिलेले औषध, तसेच औषध आणि वर्तनोपचार एकत्र, यांनी मुख्य लक्षणे सर्वांत जास्त कमी झाली. एकत्र उपचारांत औषधाचा डोस कमी लागला.

सुधारणा कोणी मोजली?
उपचार चालू आहे हे माहीत असलेल्या पालकांना मूल सुधारल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. २०१३ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. कोणाला कोणता उपचार दिला हे माहीत नसलेल्यांनी मोजमाप केले, तेव्हा न्यूरोफीडबॅक आणि वर्तनोपचार यांचा मुख्य लक्षणांवरील परिणाम बराच कमी दिसला. याचा अर्थ पालक-प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. त्यामुळे पालकांची मुलाला हाताळण्याची पद्धत सुधारते आणि मुलाचा हट्टीपणा, आक्रस्ताळेपणा कमी होतो.

नेमके काय मोजले?
२०२० मध्ये अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला उपचार म्हणून परवानगी मिळाली. मुख्य चाचणीत संगणकावर मोजलेले लक्ष सुधारले. पण पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत, दुसरा खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत ठळक फरक नव्हता. गृहपाठ पूर्ण होतो का, हा तुमचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

फायदा किती काळ टिकला?
'एमटीए'मधील गटांत तीन वर्षांनी फरक उरला नव्हता. तोवर ठरवून दिलेले उपचार संपले होते. म्हणून औषध एकदा सुरू करून विसरू नका. भूक, झोप, उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नियमित तपासणी हवी.

चाचणीत सहभागी व्हायला सांगितले तर

- भारतातील चाचण्यांची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी संकेतस्थळावर होते. नोंदणी क्रमांक मागा.
- संमतीपत्र घरी नेऊन शांतपणे वाचा. सात वर्षांवरील मुलाचाही होकार घेतला जातो.
- चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.
- सहभागासाठी तुमच्याकडून पैसे मागितले, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

कोणताही नवा उपाय सुरू करण्यासाठी चालू औषध स्वतःहून बंद करू नका. मुलाला तपासणारे बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी बोलूनच निर्णय घ्या.