रविवार आणि डोंगर

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो असा : प्रवासात आणि घरी असताना आगळे, कायम स्मरणात राहतील असे अनुभव कसे शोधावेत. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका मोडक्या कपाटातील पुस्तकांनी केले. हा विषय मला प्रथम सुखवस्तू लोकांचा वाटला. पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, अनुभव शोधायचा तर आधी दोन गोष्टी हाती लागतात : एक मोकळा दिवस आणि एक मोकळी वाट. या दोन्ही गोष्टी माणसाला कुणी आपण होऊन दिलेल्या नाहीत. म्हणून मी आज अनुभवाचा नव्हे, त्या दिवसाचा आणि त्या वाटेचा इतिहास सांगणार आहे.

सहलीचा इतिहास बहुधा टॉमस कुकपासून सांगतात. ५ जुलै १८४१ रोजी त्याने दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. गोष्ट चांगली आहे. पण तिथे गाडीही दुसऱ्याची आणि वाटही दुसऱ्याने आखलेली. मला अधिक मोलाची वाटते ती त्याच देशातली, एक्याण्णव वर्षांनंतरची दुसरी गोष्ट.

मँचेस्टर हे कापडाचे शहर. आपल्या मुंबईच्या गिरण्यांतील कितीतरी यंत्रे त्याच लँकाशायर मुलखातून आली होती. त्या शहरापासून वीसएक मैलांवर किंडर स्काउट नावाचे पठार आहे, दोन हजार फुटांहून थोडे उंच. धुराने कोंदलेल्या गल्लीतून पोरांना ते डोंगर जवळचेच. पण तिथे पाय ठेवायची सोय नव्हती. पूर्वी सामाईक वहिवाटीत असलेली माळराने एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी आपल्या नावावर करून घेतली होती. वर्षातले मोजके दिवस तिथे तित्तिरासारख्या पक्ष्यांची शिकार चाले, आणि त्या थोड्या दिवसांसाठी राखणदार वर्षभर काठ्या घेऊन उभे. डोंगर घरापाशी, आणि त्याचे दर्शन मात्र दुरून!

रविवार, २४ एप्रिल १९३२. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा एक मेकॅनिक, त्या वेळी बेकार. त्याने आणि त्याच्या कामगार क्रीडा संघटनेतील सोबत्यांनी आधीच जाहीर केले होते की, आम्ही सर्वजण मिळून त्या बंदी असलेल्या डोंगरावर चढणार. पोलीस रेल्वे स्टेशनवर त्याची वाट पाहत होते. हा गडी सायकलवरून गेला! हेफील्ड गावच्या मैदानात सभेला मनाई होती, म्हणून सभा जवळच्या दगडाच्या खाणीत भरली. मंडळी किती होती? वर्तमानपत्राने चारशे म्हटले, चालकांनी त्याहून पुष्कळ. मोर्चाच्या आकड्याचा हा वाद आम्हां युनियनवाल्यांना नवा नाही. मग सगळे ओढ्याच्या कडेने चढू लागले. वर राखणदारांशी थोडी झटापट झाली, एकाचा पाय दुखावला. लोक वर गेले, मोकळ्या वाऱ्यात उभे राहिले, आणि खाली उतरले. एवढाच तो पराक्रम.

परत येताच सहाजणांना धरले, पाचांना शिक्षा झाली, दोन ते सहा महिन्यांची. रॉथमनला चार महिने. परक्या जमिनीवर पाय ठेवणे हा त्या देशात फौजदारी गुन्हाच नव्हता, म्हणून दंग्याचे आणि मारहाणीचे आरोप ठेवावे लागले. ज्यूरीत बसले होते लष्करी हुद्देदार आणि गावोगावचे जमीनदार. आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. पदभ्रमण करणाऱ्यांच्या जुन्या, प्रतिष्ठित संस्थांनी या पोरांना पाठिंबा दिला नव्हता. त्यांचा भर अर्ज-विनंत्यांवर होता. शिक्षा ऐकल्यावर मात्र जनमत फिरले. काही आठवड्यांत विनॅट्स खिंडीत सुमारे दहा हजार माणसांची सभा झाली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, आणि १९५१ मध्ये पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते नेमक्या याच डोंगराळ मुलखात. २००२ साली, त्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, ज्या ड्यूकचे ते रान होते त्याच्या नातवाने जाहीर सभेत माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

ही झाली वाटेची हकीकत. दिवसाची हकीकत आपल्या घरची आहे.

मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि यंत्रे साफ करण्याच्या नावाखाली सुट्टीचे दिवसही खाल्ले जात. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात पहिली मागणी होती रविवारची सुट्टी. रविवार हा खंडोबाचा वार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. एप्रिल १८९० मध्ये दहा हजारांवर कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या. हे मी दर वेळी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याच सभांतून ते सांगायचे राहून जाते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. हिंदी गिरण्यांवर निर्बंध यावेत म्हणून लँकाशायरचे मालकही विलायतेत दबाव आणीत होते, आणि त्यांचा हेतू काही धर्मादाय नव्हता, हेही खरे. पण लोखंड्यांची सह्यांची चळवळ ही आमची आमची होती.

आठवड्याचा दिवस मिळाला, तरी प्रवासाला एक दिवस पुरत नाही. फ्रान्समध्ये १९३६ च्या मोठ्या संपानंतर कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. लेओ लाग्रांज या मंत्र्याने रेल्वेचे भाडे चाळीस टक्क्यांनी उतरवले, आणि हजारो कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. विरोधकांनी त्याच्या खात्याला आळसाचे खाते म्हणून हिणवले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने, वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. बदली कामगाराचे २४० दिवस भरणार कसे, हे मात्र ज्याचे त्यालाच माहीत!

माझे वडील साचेखात्यात होते. पहिली काही वर्षे बदलीत गेली. कायम झाल्यावर जी रजा मिळे ती गावाकडच्या गणपतीला आणि शिमग्याला जाई. मुंबईत पंचवीस वर्षे काढून त्यांनी घारापुरी पाहिली नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी ते म्हणाले, “चल रे, आज ती लेणी बघून येऊ.” आई रागावली, घरात पैसे मोजून होते. तरी आम्ही लाँचमध्ये बसलो. तासाभराने उतरलो, पायऱ्या चढलो. आत त्या अठरा फुटी त्रिमुखी मूर्तीपुढे लोक हात जोडत होते. वडिलांनीही जोडले, आणि मग मान वर करून मुकुटावरची नक्षी बघत राहिले. बराच वेळाने त्यांनी मला विचारले, “एवढं डिझाइन काढायला त्याला किती दिवस लागले असतील? आणि खाडे धरले असतील का रे त्याचे?”

मला उत्तर सुचले नाही. परत येताना ते लाँचच्या कडेला उभे होते. समोर मुंबई दिसत होती, आणि ते बोटाने एकेक धुराडे दाखवून गिरणीचे नाव सांगत होते. त्या दिवशी एकातूनही धूर निघत नव्हता. संपानंतर त्यांना गिरणीने परत घेतले नाही.