भयपट आणि क्रूस



भयपटाचें नांव काढलें कीं धर्मनिष्ठ मनुष्य नाक मुरडतो. भुतें, पिशाच्चें आणि सैतान यांचा तो बाजार. धर्माशीं त्याचा संबंध असलाच तर तो वैराचाच असावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु युरोप-अमेरिकेंतील भयपटांचा इतिहास चाळून पाहिला, तर या वैराच्या पोटांत एक जुनें ऋण दडलेलें आढळतें. भयपटानें आपलें भांडवल ख्रिस्ती धर्माकडूनच उचललें आहे. तें कसें, आणि त्याची फेड कशी झाली, हें आज पाहूं.

१८९७ सालीं ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मरूनही न मेलेला एक सरदार माणसांचें रक्त पिऊन जगतो. त्याला थोपवितात क्रूस आणि धर्मविधीनें पवित्र केलेली भाकर. १९३१ सालीं हॉलिवुडनें या कथेचा बोलपट काढला, आणि क्रूस दिसतांच तोंड फिरविणारें तें पिशाच्च जगभर ओळखीचें झालें. १९५८ सालच्या इंग्लंडांतील चित्रपटांत तर पिशाच्चाच्या पाठीवर असलेला विद्वान दोन शमादानें एकमेकांवर आडवीं धरतो, आणि त्या नुसत्या आकृतीनेंच ड्रॅक्युला मागें हटतो. आपल्याकडे पंचाक्षऱ्याच्या अंगाऱ्याला जें स्थान, तेंच येथें क्रूसाला मिळालें. तो धरणाऱ्याची श्रद्धा किती, आचरण कसें, हें कोणी विचारीत नाहीं.

धर्मपीठाचें लक्ष मात्र निराळ्याच गोष्टीकडे होतें. १९३० सालीं हॉलिवुडसाठीं जी नीतिनियमावली तयार झाली, तिच्या रचनेंत डॅनिएल लॉर्ड हे जेझुइट पाद्री आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथॉलिक प्रकाशक प्रमुख होते. १९३४ पासून तिची अंमलबजावणी कडक झाली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा १९३१ चा बोलपट पहा. प्रेतांचे अवयव जोडून घडविलेला देह हालूं लागतांच, ईश्वर होणें म्हणजे काय तें आपणांस आतां कळलें, असें त्यांतील शास्त्रज्ञ ओरडतो. पुढें तो बोलपट पुन्हां दाखविला गेला तेव्हां हें वाक्य गाळण्यांत आलें. प्रेतें राहिलीं, वाक्य गेलें! भयाला हरकत नव्हती. ईश्वराची जागा घेण्याला होती.

१९६८ सालच्या ‘रोझमेरीज बेबी’नें क्रूसाचें हें अभयच काढून घेतलें. न्यूयॉर्कमधील एका गर्भवती तरुणीभोंवतीं सैतानाचे उपासक जाळें विणतात. ती कॅथॉलिक घरांत वाढलेली, पण तिची श्रद्धा विरलेली. डॉक्टरांच्या दिवाणखान्यांत ती ‘टाइम’ साप्ताहिकाचा १९६६ चा एक अंक उचलते. देव मेला काय, हा प्रश्न त्याच्या मुखपृष्ठावर छापलेला असतो. तिला सोडवावयास कोणीहि येत नाहीं. कॅथॉलिक चित्रपट-कचेरीनें हा चित्रपट निषिद्ध ठरविला.

पांच वर्षांनीं, १९७३ सालीं, ‘दि एक्झॉर्सिस्ट’ आला. त्याचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी हे जॉर्जटाउन येथील जेझुइट विद्यापीठाचे विद्यार्थी. १९४९ सालीं मेरीलंडमधील एका मुलावर केलेल्या बाधानिवारणाची हकीकत त्यांनीं विद्यार्थिदशेंत ऐकली होती. चित्रपटांत बारा वर्षांच्या मुलीच्या अंगांत सैतान शिरतो. दृश्यें अतिशय किळसवाणीं. क्रूसाची विटंबनाहि त्यांत आहे. तरी त्याच कचेरीनें तो निषिद्ध ठरविला नाहीं. कांहीं अटी सांगून प्रौढांसाठीं मोकळा ठेवला. माझ्या मतें त्याचें कारण शेवटीं सांपडतें. डळमळीत श्रद्धेचा, मातृशोकानें खचलेला तरुण पाद्री सैतानाला स्वतःच्या देहांत बोलावून घेतो, खिडकीबाहेर उडी टाकतो, आणि मुलगी वांचते. दुसऱ्याचें संकट आपल्या शिरावर घेऊन मरणें, हाच तर क्रूसाचा मूळ अर्थ! ज्या चित्रपटांत क्रूसाची विटंबना झाली, त्यांतच त्याचा अर्थ सर्वांत स्पष्ट झाला. भयपटानें आपलें ऋण फेडलें तें येथें.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे. १९७६ सालीं जर्मनींत एक अपस्माराची तरुण विद्यार्थिनी उपासमारीनें मरण पावली. दहा महिन्यांत तिच्यावर सदुसष्ट वेळां बाधानिवारणाचा विधि झाला होता. अखेरच्या काळांत वैद्यकीय उपचार बंद होते. १९७८ सालीं न्यायालयानें तिचे आईबाप व दोन पाद्री यांना निष्काळजीपणानें मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविलें. चित्रपटामुळें हें घडलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण पडद्यावर सैतान आहे हें प्रेक्षकाला आधींच ठाऊक असतें. आजाऱ्याच्या खोलींत तें कोण सांगणार? रोमन विधिग्रंथानें १६१४ सालींच बजावलें होतें कीं, बाधेवर सहजासहजीं विश्वास ठेवूं नये. १९९९ च्या सुधारित विधींतहि वैद्यांचा सल्ला घेण्याची सूचना आहे.

म्हणून भयपट पाहणाऱ्यानें एवढा विवेक अवश्य ठेवावा. क्रूस असो वा अंगारा, ती केवळ जादूची कांडी मानली तर धर्म संपतो आणि भय तेवढें उरतें. आजाऱ्यासाठीं आपली झोंप, आपलें सुख, प्रसंगीं आपला जीवहि वेंचणारा मनुष्य पुढें आला, तरच त्या खुणेला अर्थ येतो. असा मनुष्य बहुधा आधीं वैद्याला बोलावतो, आणि मग प्रार्थनेला बसतो.