राबापासून जैवकोळशापर्यंत



जळल्या काडीकचऱ्याची आणि शेतीची ओळख आपल्याकडे जुनी आहे. ठाणे, रायगडकडे भाताचे बी टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि डहाळ्या पसरून जाळण्याची रीत आहे. हाच राब. इंग्रजी अमदानीत डहाळ्या तोडण्यावरून जंगल खात्याशी शेतकऱ्याचे खटके उडत. इंग्लंडहून आलेले रसायनतज्ज्ञ डॉ. व्हेल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात या राबाचाही विचार केला आहे. तिकडे ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात जुन्या रहिवाशांच्या कोळशाने, राखेने आणि खरकट्याने काळी झालेली जमीन शेकडो वर्षांनंतर आजही कसदार आहे. तिच्यावरूनच जैवकोळशाकडे, म्हणजे बायोचारकडे, अलीकडे लोकांचे लक्ष गेले. काडीकचरा कमी हवेत भाजायचा आणि तो कोळसा मातीत मिसळायचा, एवढीच ती गोष्ट.

आता भंडाऱ्याचा शेतकरी म्हणेल, "आमच्याकडे धानाचा कोंडा रगड. तो भाजून पऱ्ह्यांच्या वाफ्यात का टाकू नये?" जरूर टाकावा. पण कोळसा कशाचा, आणि भाजला कसा, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

भाजण्याचे पाहू. राबाचा धूर उघड्यावर निघून जातो. बंद भट्टीत तो कोंडला, तर थंड होताना त्यातले डांबर कोळशावरच बसते. अशा कोळशाला उग्र वास येतो. त्यात बी नीट रुजत नाही, रुजले तर मूळ खुंटते.

दुसरा दोष मालाचा. १९३३ साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी तांबे, क्रोमियम आणि सोमल यांचे मिश्रण शोधले. ते मुरवलेल्या लाकडाला वाळवी लागत नाही, म्हणून जगभर खांबांसाठी ते वापरले गेले. शोध मोठाच, पण असले लाकूड भट्टीत गेले, तर धातू काही जळून नाहीसे होत नाहीत. शंभर किलो लाकडाचा पंचवीस किलो कोळसा झाला आणि तांबे सारे त्यातच उरले, तर त्याचे प्रमाण चौपट! सोमल थोडा धुरात जातो, बाकीचा कोळशात राहतो. पाणी साचलेल्या बांधीत तो मोकळा होतो, आणि धान तो सहज शोषून घेते. फार झाला तर लोंब्या पोचट राहतात. म्हणून रंगवलेले वा औषध मुरवलेले लाकूड आणि प्लॅस्टिक भट्टीत घालूच नये. युरोपात २०१२ पासून जैवकोळशाच्या प्रमाणपत्रासाठी अशा विषांची मर्यादा ठरलेली आहे.

परीक्षा मात्र घरीही होते. प्रयोगशाळांत त्यासाठी जे बी वापरतात, ते म्हणजे आपल्या लाडवांतला हळीव! एका कुंडीत नुसती माती, दुसरीत तीच माती थोडा कोळसा मिसळून घ्यावी. दोन्हींत वीस-वीस बिया टाकाव्यात. आठवड्याने रोपे मोजावीत, मुळे पाहावीत. कोळशाच्या कुंडीत रोपे कमी दिसली, तर तो माल वाफ्यात नको. एवढे मात्र ध्यानात ठेवा : डांबराचा किंवा क्षाराचा दोष यात कळतो, थोडासा सोमल असला तर तो कळेलच असे नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी.

गुरुजींनी हा प्रयोग मुलांकडून शाळेत करून घ्यावा. रोवणीच्या वेळी पऱ्हे कमी पडले, तर हंगाम कुणासाठी थांबत नाही. वीस बियांची ही चौकशी त्याआधीच झालेली बरी.