पाना कोणाच्या हाती? जीपपासून आलिशान एसयूव्हीपर्यंत

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, लोणार तालुक्यात, बीबी हे गाव लागते. या वाटेने जाणाऱ्या इतिहासप्रेमींना बहुधा जिजाऊंच्या जन्मस्थळाची ओढ असते. आजच्या धाग्यात मात्र आपण वाटेतच थांबणार आहोत. विषय इतिहासाचाच आहे, फक्त हाताला थोडे ऑइल लागेल.

समजा, बीबीतल्या एका घरापुढे दहा-बारा वर्षे जुनी, सेकंडहँड आलिशान एसयूव्ही उभी आहे. सकाळी पाहावे तर तिचा मागचा एक कोपरा जमिनीकडे बसलेला. कंपनीचे अधिकृत वर्कशॉप गावात असण्याचा प्रश्नच नाही. मालकाने स्वतः पाना उचलावा का? आणि उचलला, तर गाडी त्याला काम करू देईल का? दुसरा प्रश्न विचित्र वाटेल; पण त्याच्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना ओढ असलेल्या टेहळणी वाहनासाठी कारखानदारांकडून प्रस्ताव मागवले. त्यातून जीप जन्मली. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. दोघींच्या गाड्यांचे सुटे भाग परस्परांना बसत. रणभूमीवर एका मोडक्या जीपचे भाग काढून दुसरी चालती करता येई ती त्यामुळेच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सैन्याची पुस्तिका. १९४४ सालच्या टीएम ९-८०३ या पुस्तिकेत देखभालीची पहिली जबाबदारी थेट चालकावर टाकलेली आहे. निघण्यापूर्वी, चालवताना, थांब्यावर आणि मुक्कामी पोचल्यावर काय तपासायचे, याचे वेळापत्रकच तिच्यात आहे. तेल, पाणी, टायरमधली हवा, गळती हे तर आलेच. थांब्यावर चालकाने चाकाच्या हबवर व ब्रेक ड्रमवर हात ठेवून ते अवाजवी तापले आहेत का, हेही पाहायचे. बेअरिंग कोरडे पडले किंवा ब्रेक घासत राहिला, तर ते तळहाताला कळते. वीस वर्षांच्या पोराला तंत्रज्ञ केल्याशिवाय युद्ध चालणार नव्हते, म्हणून गाडीही त्याला उलगडेल अशीच रचलेली होती.

युद्ध संपले आणि या गाडीचा वंश फुटला. त्याची एक शाखा मुंबईची. कैलाशचंद्र महिंद्र यांनी अमेरिकेत जीप पाहिली, आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीजचे सुटे भाग जोडून जीप उभ्या राहू लागल्या. पुढे नाशिकच्या कारखान्यातून २००२ साली निघालेली स्कॉर्पिओ याच घराण्यातली.

दुसरी शाखा अधिक रंजक आहे, कारण तिचा उगमच जुन्या गाडीच्या देखभालीच्या चिंतेत आहे. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतीवर युद्धात वापरलेली जीप राबवत. ही झिजली की पुढे काय, या प्रश्नातून त्यांना स्वतःचीच गाडी सुचली. पहिला नमुना तर जीपच्याच चेसिसवर बांधला गेला. पोलादाची टंचाई असल्याने अंगाला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा लावला. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगासमोर आली.

१९७० मध्ये याच कंपनीने रेंज रोव्हर आणली. आज ऐषारामाचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या या गाडीचा पहिला अवतार पाण्याच्या नळीने आतून धुवून काढता येई! खरा पालट नंतर झाला. १९९२ मध्ये तिच्यात विद्युत-नियंत्रित एअर सस्पेन्शन आले. पोलादी स्प्रिंगच्या जागी रबरी हवेच्या पिशव्या, त्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, उंची मोजणारे सेन्सर आणि या सर्वांवर हुकूम चालवणारा संगणक. गाडी मऊ चालू लागली; पण बिघाड हाताने चाचपण्याची सोय कमी होत गेली.

जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली. अँगलसीच्या शेतातली शाखा अशी महाराष्ट्रात पोचली. आलिशान गाड्यांची हौस तोवर महानगरांबाहेर पडलीच होती. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधल्या एका गटाने सुमारे दीडशे मर्सिडीज एकत्र खरेदी केल्या होत्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. गाडी नवी घेणाऱ्याला दुरुस्तीची चिंता नसते, कारण वॉरंटी असते. ती संपल्यावर दुसरा, तिसरा मालक येतो. खरेदीची किंमत उतरलेली असते. सुट्या भागांची मात्र नव्या गाडीचीच असते.

इथे भारतातला एक निकाल आठवला पाहिजे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आक्षेप असा की, अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत. त्यामुळे ग्राहक अधिकृत वर्कशॉपच्याच दारी बांधला जातो. यादीत मर्सिडीज व बीएमडब्ल्यू होत्या, तशाच टाटा आणि महिंद्रही होत्या. जीपच्या दोन्ही शाखांचे वारस एकाच यादीत! कंपन्या या दंडाविरुद्ध अपिलात व न्यायालयांत गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश केला गेला.

आता पुन्हा बीबीतल्या त्या कललेल्या गाडीकडे. मालकाने स्वस्तातला स्कॅनर जोडला, तर तो बहुधा कॉम्प्रेसरकडे बोट दाखवील. घाईने कॉम्प्रेसर बदलला की पैसे पाण्यात. कारण पुष्कळदा गुन्हेगार असते ती म्हातारी झालेली रबरी पिशवी. तिच्यातून हवा निसटते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अखंड राबतो आणि जळतो. खात्री करण्याचा उपाय साबणाच्या पाण्याचा आहे. पिशवीवर आणि नळीच्या जोडांवर ते शिंपडायचे, बुडबुडे कुठे येतात ते पाहायचे. १९४४ सालच्या चालकाला हे पटकन समजले असते. (एक सूचना आवर्जून: अशी गाडी आपली उंची आपणच बदलू शकते, म्हणून नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत आणि नळी सोडवण्याआधी हवा काढून टाकावी.)

पिशवी बदलणे अशा रीतीने घरीही जमू शकते. पण मागचे ब्रेक पॅड झिजलेले दिसले आणि हँडब्रेक विजेवर चालणारा असला, तर अनेक गाड्यांत तो आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. चाक निघते, बोल्ट सुटतात, जुने पॅड हातात येतात. कॅलिपरचा पिस्टन मात्र संगणकाने मोकळा करेपर्यंत मागे सरत नाही. साधा स्कॅनर तेवढी आज्ञा देऊ शकत नाही. मग मालक एक तर महागडा स्कॅनर शोधतो, नाहीतर चाक पुन्हा चढवून जालन्याच्या रस्त्याला लागतो.