रायगडाचा कोश आणि पोलादपूरचा ‘ल’

महाड तालुक्यातल्या रायगडावर 1674 मध्ये राज्याभिषेक झाला आणि त्याच सुमारास शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारात रुळलेल्या सुमारे 1400 शब्दांना, त्यातले बहुतेक फारसी-अरबी, तिथे संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरी गडाच्या पायथ्याचा माणूस आजही ‘तहसील’मध्ये ‘अर्ज’ देतो, ‘दाखला’ मागतो आणि पुढची ‘तारीख’ घेऊन परततो. जिथे शब्द बदलले तिथेही लेखणीचे वळण बदलले नाही. बोरू मोडीतच धावत राहिला. ऑफिसच्या सॉफ्टवेअरची तुलना वर्ड की लिब्रेऑफिस, अशी थेट सुरू करण्याआधी हा इतिहास पाहावा. कचेरीतले साधन गुणांच्या यादीवर टिकत नाही. लिहिणाऱ्याच्या हाताला त्याची सवय असावी लागते आणि कागद पलीकडच्या टेबलावर वाचता यावा लागतो. या दोहोंचे भांडण लागले की पलीकडचे टेबल जिंकते, पण फार उशिरा.

मोडीचेच पाहा. हात फारसा न उचलता भराभर लिहिण्यात बाळबोध, म्हणजे देवनागरी, तिच्या जवळपासही नव्हती. पण छापखान्याने बाळबोध धरली, शाळेची पुस्तके तिच्यात निघाली आणि मोडी वाचणारेच कमी होत गेले. पुढे 1964 च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभार मराठीत आणला, तेव्हा कचेऱ्यांना मराठी टाइपरायटर लागले आणि टंकलेखकाच्या बोटांत नवी सवय बसली. ‘सावित्री’ हे महाडच्या नदीचे नाव टाइप करताना यंत्रावर ‘व’च्या आधी ऱ्हस्व वेलांटी मारावी लागे, कारण कागदावर ती आधी दिसते. इनस्क्रिप्ट या सरकारमान्य कळपाटात उच्चाराप्रमाणे ‘व’ आधी आणि वेलांटी नंतर. वर्षानुवर्षे एका क्रमाने चाललेल्या बोटांना हे उलटे पटणे कठीणच.

म्हणून संगणक आला तेव्हा मराठी कचेरीतली खरी स्पर्धा वर्डस्टार, वर्ड आणि वर्डपरफेक्ट यांची नव्हती. ती श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम आणि कृतिदेव या देवनागरी लिहिण्याच्या साधनांची होती. टाइपरायटरचीच बोटे चालू राहतील अशी सोय देणाऱ्याला कचेरीत लगेच जागा मिळे. किंमत नंतर कळली. कृतिदेवमध्ये ‘महाड’ लिहिले की फाइलीत साठतात ती ई, जी, के, एम ही चार इंग्रजी अक्षरे. फॉन्ट त्यांवर फक्त देवनागरी मुखवटा चढवतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. मोडी निदान वाचायला शिकता तरी येत होती!

अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे आणि विंडोज 2000 पासून ती सरळ लिहिता येऊ लागली. पण कचेऱ्यांच्या सवयी त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकल्या. नोंदी संकेतस्थळावर चढवाव्या लागल्या तेव्हा कुठे फॉन्टच्या मुखवट्याचा निभाव लागेना. शिवाय युनिकोड आला म्हणून सगळे मिटले असेही नाही. शासनाच्या 2009 च्या निर्णयात मराठीचा ‘ल’ पाकळीचा आहे. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये ‘पोलादपूर’ लिहिले की त्या तालुक्याच्या नावातच हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. अक्षर तेच, वाचताही येते, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

यावर आक्षेप येईल की लिब्रेऑफिस 2010 पासून फुकट मिळते, मग खर्चाचा विचार निर्णायक नाही का? फुकटावरच ठरत असते तर बोरूही गेला नसता. तो तर बरूच्या काडीचा. 2001 नंतर एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने राज्यभर जी बोटे घडवली ती मायक्रोसॉफ्टच्या मेनूंवर, आणि वरच्या कचेरीतून येणारा तक्ताही त्याच साच्यात येतो. तो लिब्रेऑफिसमध्ये उघडतो, पण रकाने सरकतात आणि सहीची ओळ पुढच्या पानावर जाते. लिब्रेऑफिसच्या खुल्या फाइल-प्रकाराला 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक मिळाले, मायक्रोसॉफ्टच्या प्रकाराला 2008 मध्ये, भारताने विरोधात मत देऊनही. कारकुनाच्या टेबलावर त्या मताचा काही परिणाम दिसला नाही. दुसरा आक्षेप मोबाइलचा: आता बोलून टाइप होते, मग हाताची सवय कसली? पण मोबाइल लिहितो ते युनिकोडच, म्हणजे पलीकडे वाचता येणारेच. तो आक्षेप माझ्याच बाजूने पडतो.

घरचे गणित वेगळे. पोलादपूरच्या गावकीची वर्गणी मुंबईच्या चाकरमान्याने तक्त्यात मांडायची असेल तर लिब्रेऑफिसचे कॅल्क पुरून उरते. तिथे पलीकडचे टेबलही आपलेच असते. तहसीलला अर्ज धाडायचा असेल तर मात्र मराठी वळणाच्या युनिकोड फॉन्टमध्ये लिहून आधी पीडीएफ करावा. मग तो कशात लिहिला हे कोणी विचारत नाही, आणि ‘पोलादपूर’चा ‘ल’ही पाकळीसकट पोचतो.