माफीच्या साक्षीदाराची कुळकथा

गुन्ह्यात सामील असलेल्याने सगळी हकीकत खरी सांगावी आणि त्या बदल्यात शिक्षा माफ व्हावी, ही तजवीज इंग्लंडच्या कायद्यात जुनीच होती. भारतात तिचा मोठा आणि पद्धतशीर वापर झाला तो 1830 नंतर, जबलपूर आणि सागर इथल्या ठगांच्या खटल्यांत.

ठग प्रवाशांशी सलगी करत, वाटेत गळा आवळत आणि प्रेत पुरून टाकत. फिर्याद करायला कोणी उरतच नसे. म्हणून कंपनी सरकारचे अधिकारी विल्यम स्लीमन यांनी पकडलेल्या ठगांनाच बोलते केले. त्यांच्यातला नामांकित जमादार फिरंगिया. स्लीमन यांचा तंबू ज्या आमराईत पडला होता, तिथेच त्याने प्रेते पुरल्याच्या जागा दाखवल्या. खणल्यावर सांगाडे निघाले. साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जात, टोळ्यांच्या वंशावळीही मांडल्या जात.

जमिनीतून पुरावा निघे तिथवर जबानीला आधार होता. 1836 च्या 30 व्या कायद्याने तो सैल केला. ठगांच्या टोळीत कधीही, अगदी कायदा होण्यापूर्वीही, सामील असल्याचे शाबीत झाले की सक्तमजुरीसह जन्मठेप. ठरावीक खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ठग कोणाला म्हणावे, याची व्याख्याही कायद्यात नव्हती. ‘हा आमच्यातला’ या साक्षीदाराच्या शब्दावर माणसाचे आयुष्य टांगले गेले. साक्षीदारही मोकळे होत नसत. फाशी टळे, कैद टळत नसे. जबलपूरच्या उद्योगशाळेत ते तंबू आणि गालिचे तयार करत.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. त्याच्या जागी पुढे आलेला कायदा 1952 मध्ये रद्द झाला.

न्यायालयीन विचार मात्र सावध होत गेला. 1872 च्या पुरावा कायद्याने साथीदाराची साक्ष मान्य केली. पण महत्त्वाच्या बाबींत दुजोरा नसेल, तर ती अविश्वसनीय मानण्याची मुभाही न्यायालयाला दिली. गांधी खून खटल्यात दिगंबर बडगे माफीचे साक्षीदार होते. सावरकरांविरुद्धच्या त्यांच्या साक्षीला पुरेसा दुजोरा मिळाला नाही आणि 1949 मध्ये सावरकर निर्दोष सुटले. आणि 1836 च्या कायद्याने केले तशी, कृत्याच्या वेळी गुन्हा नसलेल्या गोष्टीसाठी नंतरच्या कायद्याने शिक्षा देण्यास आता संविधानाचे कलम 20 मनाई करते.

आरोप कितीही भीषण असला, तरी स्वतंत्र दुजोऱ्याशिवाय केवळ साथीदाराच्या बोटाने कोणी दोषी ठरता कामा नये.