सहा नव्या पैशांचा आणा

१९५७ साल उपनगरांनी दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी बोरिवली, मुलुंड बृहन्मुंबईत आली आणि १ एप्रिलपासून रुपयाचे १६ आण्यांऐवजी १०० नवे पैसे झाले. हिशेबाने आण्याचे सव्वासहा पैसे होत; पण पाव पैशाचे नाणे कुठले? म्हणून कोष्टकात १ आण्याला ६ आणि ४ आण्यांना २५ नवे पैसे आले. म्हणजे चार आणे एकेक करून मोजले, तर हाती चोवीसच! पावकी-निमकी पाठ असणाऱ्याला हा फरक चटकन कळे. इतरांचा पैसा नकळत जाई. सातवीतले मूल ‘अपूर्णांक-दशांश कशाला शिकायचे?’ असे विचारते, तेव्हा त्याला हा हरवलेला एक पैसा शोधायला सांगावा.